छापील कोयता

रामप्रसादांचं पत्र शिमग्याच्या आधी आलं होतं. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, तरी त्रिंबकरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

ते विसरले होते असं नाही. पत्र त्यांच्या उशाशी पुस्तकांच्या ढिगात होतं आणि ढीग उपसताना महिन्यातून दोनदा तरी हाती लागायचं. रामप्रसाद त्यांचे जुने सोबती. तलवाड्याच्या शाळेत दोघांनी बरोबर मास्तरकी केली. पुढे रामप्रसाद पुण्याला गेले आणि निवृत्तीनंतर सरकारी शाळांच्या चाचणीचे पेपर काढणाऱ्या मंडळावर बसले. त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या भागातल्या मुलांना पेपर परका वाटतो, म्हणून यंदा ऊसतोडीवर एक उतारा घालतो आहे. सोबत जोडला आहे. छापण्याआधी तुमच्या डोळ्याखालून जावा. तुम्ही त्या मुलांमध्ये हयात घालवलीत."

त्रिंबकरावांनी उतारा वाचला होता. त्यांना तो आवडला होता. साधी वाक्यं, एक शब्द जास्तीचा नाही. आता यावर आपण काय सांगणार, असं त्यांच्या मनात आलं. तीन-चार वेळा कागद पुढे ओढला. "उतारा उत्तम आहे" एवढं लिहिलं की पुढचं वाक्य सुचायचं नाही. एवढ्यासाठी पाकीट कशाला धाडायचं, असं म्हणून ते कागद परत ठेवायचे. मग पावसाळा आला, चाचणी होऊनही गेली.

"भावजी, त्या पुण्याच्या मित्राला उत्तर धाडलं का?" वहिनींनी सकाळी थोरल्या लक्ष्मीच्या निऱ्या काढता काढता विचारलं होतं. कौशल्याबाई म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. सगळं घर त्यांना आक्का म्हणायचं. "का तो बिचारा वाट बघून म्हातारा झाला?"

"तो माझ्याआधी म्हातारा आहे, वहिनी."

"मंग तर लवकर लिवा."

दुपारची पंगत उठली. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं यथासांग झालं. पोरंबाळं अंगणात पांगली. विजयसिंह, आक्कांचा मुलगा आणि गावचा पुढारी, पानाचा विडा गालात धरून ओट्यावरच्या खुर्चीत बसला आणि त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मॅडमला बोलवा," तो म्हणाला. "काम उरकून टाकू."

त्रिंबकराव भिंतीशी सतरंजीवर बसले होते. हातातलं पुस्तक त्यांनी मिटलं नाही, पण त्यानंतर एक ओळही वाचली नाही.

*

मोहिनीला ओट्यावर काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं. ती परात विसळत होती. बोलावणं आलं तशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि चौकटीशी उभी राहिली. विजयसिंहदादा, तिचे थोरले चुलत दीर, तिला घरातही मॅडम म्हणायचे. गावात सगळेच म्हणायचे, पण दादांच्या तोंडी त्याला थोडी धार असायची.

"बसा की, मॅडम. हितं काय तुमी तपासणीला आल्या न्हाईत."

ती सासऱ्यांच्या, त्रिंबकरावांच्या शेजारी सतरंजीच्या टोकाला बसली. नवरा अभिमन्यू पायरीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

चाचणीचा निकाल लागून पंधरवडा झाला होता. तिच्या शाळेची चौथी केंद्रात तळाला गेली होती. पण खरं दुखणं तळाला जाण्याचं नव्हतं. एकाच उताऱ्यावरच्या चार प्रश्नांना वर्गातल्या बहुतेक पोरांनी एकसारखी चुकीची उत्तरं लिहिली होती. वरून नोटीस आली होती. शिक्षिकेने वर्गात उत्तरे सांगितली काय, विद्यार्थ्यांनी सामूहिक नक्कल केली काय, याचा लेखी खुलासा सोमवारी सादर करावा.

"उत्तरं सांगितली असती तर बरोबरची तरी सांगितली असती," ती केंद्रप्रमुखांना म्हणाली होती. ते हसले नव्हते.

"मी वर बोललोय," विजयसिंह म्हणाला. "नकलेचा विषय मिटला. तुमी फकस्त ह्याच्यावर सही करायची. टाइप करूनच आणलंय."

तिनं कागद घेतला. 'सदर विद्यार्थी ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरित कुटुंबांतील असल्याने त्यांची आकलनक्षमता निम्न स्तराची आहे. सबब त्यांना स्वतंत्र बसवून इयत्ता पहिलीपासून पुनर्अध्यापन करण्यात येईल.'

"दादा, ही पोरं ढ नाहीत."

"ढ म्हणलंय कुठं? निम्न स्तर म्हणलंय."

"चौथीच्या पोरांना उचलून पहिलीच्या पाट्यांपुढं बसवू? दोन दिवसांत त्यांना गाव चिडवील. चौथ्या दिवशी ती शाळेत येणार नाहीत."

"तशी बी दिवाळीनंतर कुठं येतात?" विजयसिंहानं पानाची पिंक अंगणात टाकली. "मॅडम, सरळ हिशोब हाय. सही केली तर तुमी हितंच. न्हाई केली तर नकलेची चौकशी, आन् मंग आष्टीच्या पल्याड बदली. लेकरू घेऊन जाणार का ठिवून जाणार, ते तुमी दोघं ठरवा."

ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

*

अभिमन्यूला बायकोची नजर मानेवर जाणवत होती. वडवणीतलं खताचं दुकान त्याचं होतं, पण परवाना मिळवताना दादांनी हेलपाटे घातले होते. मोहिनीनं रात्रंदिवस त्या पोरांवर घेतलेली मेहनतही त्यानं पाहिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या की माणसानं काय बोलावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"कर की सही," तो शेवटी म्हणाला. "कागदच आहे. पोरांना तू शिकवायचं तसंच शिकव."

"वेगळी बसवली का नाही, ते बघायला माणसं येतील."

"आली की दोन दिवस बसव."

"तुमची लेक त्या पोरांत असती तर?"

अडकित्ता थांबला. "माझी लेक कशाला मधी आणते?"

"तुझी लेक पास झाली असती," विजयसिंह म्हणाला. "ती घरी ऱ्हाती. मॅडम, तुमी माहेरच्या शहरातल्या. तुमाला वाटतं समदी पोरं सारखी. ही पोरं सहा महिने उसाच्या फडात, सहा महिने हितं. डोक्यात कधी काय शिरणार? मी दरसाल टोळ्या धाडतो कारखान्याला. मला म्हाईत हाय ह्या लोकांचं."

"मी विचारलं पोरांना, पहिल्याच प्रश्नाला सगळ्यांनी नऊ कुठून आणलं म्हणून. त्यातली स्वप्नाली म्हणाली, आणलं न्हाई, येतंयच."

"येतंयच! ऐकलं का, काका? गणित बी येतंयच." विजयसिंह खदखदून हसला. "काय विचारलंय तरी काय एवढं? दाखवा तो पेपर."

मोहिनी आत गेली आणि शाळेच्या पिशवीतून उरलेला एक पेपर घेऊन आली. विजयसिंहानं चष्मा लावला. भाषणात वाचतो तसा, खणखणीत आवाजात तो वाचू लागला.

"एका शेतात अठरा मजूर ऊस तोडत आहेत. प्रत्येकाच्या हाती कोयता आहे. प्रश्न पहिला. शेतात एकूण किती कोयते आहेत? नऊ. प्रश्न दुसरा. एका कोयत्याच्या दिवसाला वीस मोळ्या होतात, तर एकूण मोळ्या किती? नऊ वीस एकशेऐंशी. तिसरा. एका गाडीत साठ मोळ्या, तर गाड्या किती? तीन. चौथा. दोन दिवसांत गाड्या किती? सहा. झालं! ह्याच्यात हाय काय अवघड? माझा ड्रायव्हर सांगंल."

अडकित्ता अभिमन्यूच्या हातात तसाच उघडा होता.

"कावून? काय झालं?" विजयसिंहानं चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"दादा," मोहिनीनं विचारलं. "नऊ कसे?"

"कसे म्हंजी? अठरा माणसं, नऊ कोयते."

"उत्तरसूचीत अठरा आहे."

"अठरा कोयत्याला छत्तीस माणसं लागतात, मॅडम! नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. आगाऊ पैशाची उचल बी तशीच देतात. लहान पोराला विचारा..." तो थांबला. जे बोलून बसलो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"पण विजय," त्रिंबकराव पहिल्यांदाच बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखा विचारत विचारत आला. "वर लिहिलंय, प्रत्येकाच्या हाती कोयता."

"लिव्हणाऱ्यानं फड बघितला न्हाई, काका. गडी तोडतो, बाई मोळी बांधती. तिच्या हातात कोयता दिला तर मोळी कोण बांधणार, पेपर काढणारा?"

मोहिनी पेपराकडे पाहत होती. ज्यांचं बरोबर आलं ती पोरं तिच्या डोळ्यांपुढून एकेक जात होती. दुकानदाराचा मुलगा. ग्रामसेवकाची मुलगी. पुजाऱ्याची दोघं. कारखान्याला न जाणारी घरं.

"नऊ धरलं तर पोरांचं पुढचं सगळं गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. दादा, तुम्हीसुद्धा चारही प्रश्नांत नापास झालात."

अभिमन्यूला हसू आलं. त्यानं ते आवरायला बघितलं, पण ते नाकातून फुटलंच.

"हसू नको बे!" विजयसिंह खेकसला.

"सही कर, दादा. आकलन निम्न स्तराचं."

*

त्रिंबकराव हसले नव्हते. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. कोयता म्हणजे जोडी हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? 'औंदा किती कोयते गेले?' 'आमचा अर्धाच कोयता हाय, गुरुजी, मालकीण बाळंत झाली.' अशी वाक्यं त्यांनी तलवाड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात किती ऐकली होती. पण रामप्रसादांचा उतारा वाचताना त्यातलं एकही आठवलं नाही. छापलेलं दिसलं की ते छापल्यासारखंच वाचायचे. कानातला शब्द कागदावर उतरलाच नव्हता.

"हा उतारा मी वाचला होता," ते म्हणाले. "वहिनी विचारतात ना, तेच पत्र. त्याच्यासोबत आला होता."

"मग मामा, तुम्ही उत्तर दिलं असतं तर..." मोहिनी बोलता बोलता थांबली.

"दिलं असतं तर उतारा उत्तम आहे असं लिहिलं असतं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मीही अठराच केले होते, पोरी."

"आता फोन लावा की त्यांना," अभिमन्यू म्हणाला.

"फोनवर मला बोलायला जमत नाही. आणि उत्तरसूची लेखी आल्याशिवाय बदलत नाही. ते मंडळ तसंच आहे."

"मग लिहा, मामा. मी खुलाशात हेच लिहिते. पोरांनी नक्कल केली नाही. ती जे जगतात तेच त्यांनी लिहिलं. तुमचं पत्र गेलं आणि मंडळानं नऊ मान्य केलं, तर नुसती मीच नाही, पोरंही सुटतात."

"थांबा." विजयसिंहानं चष्मा घडी करून खिशात ठेवला. आता त्याच्या बोलण्यात मगाचा खणखणाट नव्हता. "हे लिव्हायचं न्हाई."

"का?"

"पोरांना कोयत्याचा हिशोब कुठून कळला, असं कुणी इचारलं तर काय सांगणार? फडात असतात म्हणून. आन् कागदावर ती फडात नसतात, मॅडम. हंगामभर आपल्या संस्थेच्या वसतिगृहात असतात. गावातच जेवतात, गावातच झोपतात. दरसाल आपण तसं लिहून देतो. लिहून काय, अनुदान बी घेतो."

मोहिनीनं ते ऐकलं होतं, पण इतक्या सरळ शब्दांत कधी नाही. अभिमन्यू पायरीवरून उठून उभा राहिला. बसावं की जावं हे त्याला ठरवता येईना.

"वसतिगृह चालतं की," तो चाचरत म्हणाला.

"चालतं. दहा-बारा पोरं असतात. बाकीच्यांच्या आया सोडून जात न्हाईत, त्याला मी काय करू? धाकट्याला सांभाळायला थोरलं लागतं." विजयसिंह काकांकडे वळला. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच विनवणी आली. "काका, तुमी कधी कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. आता म्हातारपणी कशाला? मॅडमची बदली मी आडवतो. शब्द देतो. फकस्त ह्या कागदावर सही होऊ द्या."

त्रिंबकराव गप्प राहिले. ते गप्प राहिले की घरात त्याचा अर्थ होकार असाच धरायचे. आजवर तसंच चाललं होतं. भाऊ गेल्यावर ह्या पुतण्यानंच घर एकत्र ठेवलं होतं, हेही खरं होतं.

*

कौशल्याबाई उंबऱ्यात केव्हापासून उभ्या होत्या. हातात कुंकवाचा करंडा होता. सांजेच्या हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. मुलगा त्यांचा होता. त्याच्या जिपेत बसून त्या परळीला, तुळजापूरला जाऊन आल्या होत्या. सून तर चुलतघरची, शहरातली, पुरणात वेलची जास्त घालणारी. सकाळपासून दोनदा त्यांनी तिला त्यावरून बोलून घेतलं होतं.

"विजा, तू चौथीत असताना कुठं होतास?" त्यांनी विचारलं.

"हितंच. कुठं असणार?"

"तुझे वडील बी त्या वक्ताला टोळ्या घेऊन गेलते. मी म्हणलं, पोराला घेऊन येते तुमच्याकडं. तर काय म्हणले? पोर शाळेत बसंल. तुला शाळेत बसवायला एक माणूस घरी ठिवला. मला." त्या ओट्यावर येऊन खाली बसल्या. "त्या बायांला कोण म्हणलं, तू घरी थांब, तुझा अर्धा कोयता मी भरतो?"

"आक्का, हे राजकारणातलं हाय. तुला कळत न्हाई."

"नसंल कळत. मला एवढं कळतं, की तू आत्ता सगळ्यांम्होरं चारी प्रश्न चुकलास, आन् तुला कुणी पहिलीत बसवायला न्हाई निघालं. त्या लेकरांना निघालेत."

विजयसिंह उठला. टाइप केलेला कागद सतरंजीवर पडला होता. तो घ्यावा की राहू द्यावा, असं त्याचं क्षणभर झालं. मग त्यानं तो उचलून खिशात कोंबला.

"करा काय करायचं ते. बदली आली तर माझ्या दारात यायचं न्हाई."

"हे दार तुझंच हाय," आक्का म्हणाल्या. "तुझ्याच दारात बसलीय ती."

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आक्कांनी करंडा उघडून मोहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं. "बघती काय? बाया येतील. साडी बदल." आणि मग दिराकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, तुमाला टाक-दौत काय लागतं ते घेऊन बसा. हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम न्हाई."

*

पत्र एका बैठकीत झालं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी दोन कागद फाडले. पहिल्यात स्वतःच्या अपुरेपणाबद्दलच इतकं लिहिलं गेलं, की कोयता दुसऱ्या पानावर गेला. मोहिनीनं तो वाचून हळूच म्हटलं, "मामा, ह्यात पोरं कुठं आहेत?" दुसऱ्यात पोरं आली, पण ती कुठं असतात ते आलं नाही. ते वाक्य त्यांना टाळता आलं असतं. 'आमच्या भागातील बोलीत' असं मोघम लिहून भागत होतं. भागत होतं म्हणूनच त्यांना ते खुपत राहिलं.

लक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या सकाळी त्यांनी ते लिहिलं. 'मुलांना हा अर्थ पुस्तकातून मिळालेला नाही. हंगामात ती आईबापांबरोबर फडावर असतात, कागदावर ती कुठेही दाखवलेली असोत. प्रश्नाचे उत्तर अठरा आणि नऊ, दोन्ही बरोबर धरावे. नऊ लिहिणाऱ्या मुलांचे पुढचे गणित तपासून पाहावे, ते चोख आहे. मी स्वतः अठरा लिहिले असते. आमच्या घरातल्या एका माणसाने वाचताक्षणी नऊ असे सांगितले.'

मोहिनीनं आपल्या खुलाशासोबत त्याची एक प्रत जोडली. सोमवारी ती केंद्रावर गेली, तेव्हा अभिमन्यू दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेला. बाहेर मोटारसायकलपाशी उभा राहिला, आत आला नाही. पण गेला. केंद्रप्रमुखांनी खुलासा ठेवून घेतला, पुढचं कळवू म्हणाले.

त्रिंबकराव त्याच दिवशी एसटीनं वडवणीला उतरले. आठवड्याचा बाजार भरला होता. पोस्टाच्या भिंतीशी मिरच्यांचे ढीग लावून बाया बसल्या होत्या आणि लाल पेटीपर्यंत जायला त्यांना दोघींना सरकायला सांगावं लागलं. सांगणं त्यांच्या जिवावर आलं. तेवढ्यात मागं हॉर्न वाजला.

विजयसिंह जिपेतून उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "टाकलं का, काका?"

"अजून नाही."

"माझं नाव हाय?"

"नाही. घरातला एक माणूस, एवढंच आहे."

विजयसिंहानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "जाणता माणूस लिव्हायचं हुतं." मग आवाज उतरवून, "आन् ते फडाचं?"

"आहे."

"तेवढी वळ खोडा. बाकी काय बी ऱ्हाऊ द्या. ही घ्या पेन." त्यानं खरंच खिशातून पेन काढून खिडकीबाहेर धरलं.

त्रिंबकरावांनी पेनाकडे पाहिलं. ह्या पोराला त्यांनी अक्षर गिरवायला शिकवलं होतं. नाही म्हणायची सवय नसल्यामुळे तो शब्द कुठल्या स्वरात म्हणतात, तेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"पाकीट चिकटवलंय, विजय," ते म्हणाले.

काच वर गेली. मिरच्यांवाल्या बाईनं न सांगताच टोपली ओढून घेतली. त्रिंबकराव पुढे झाले, पत्ता एकदा वाचला आणि पाकीट पेटीत सोडलं.